खडकाळ टेरेन, युद्धखेळातील

लघुप्रतिमांच्या युद्धखेळात टेबलावर मांडायचे कडे, सुळके, धोंडे, घळी आणि खडकाळ टेकड्या यांचे सुटे नमुने. ‘टेरेन’ हा खेळाडूंच्या बोलीतला शब्द. त्यात घरे, झाडी, नद्या, रस्तेही येतात. ही नोंद खडकापुरती आहे. रेल्वेच्या प्रतिकृतीतला डोंगर किंवा संग्रहालयातला देखावा एकदा बसवला की तिथेच राहतो. युद्धखेळातला खडक मात्र दर डावाला जागा बदलतो, दहा हातांतून फिरतो, अंगावर धातूच्या नाहीतर प्लास्टिकच्या प्रतिमा वागवतो आणि खेळ संपला की खोक्यात जातो. तो घडवतानाचे निम्मे निर्णय या खोक्याकडे बघूनच घ्यावे लागतात.

खडक डावात शोभेपुरता नसतो. तो दृष्टिरेषा अडवतो, त्यामुळे त्याच्याआडच्या शत्रूवर नेम धरता येत नाही. त्याच्या कडेला टेकलेल्या शिपायाला आडोशाचा फायदा मिळतो. खडकाळ जमिनीवर अनेक नियमपुस्तकांत चाल निम्मी होते, आणि उभा कडा बहुधा ओलांडताच येत नाही. म्हणून मांडणी झाल्यावर पहिली चाल होण्याआधी दोन्ही खेळाडू प्रत्येक खडकाबद्दल ठरवून घेतात : चढता येईल का, आरपार दिसते का, त्याची हद्द कुठे संपते. हद्दीचा प्रश्न भांडणाचा. विखुरलेले धोंडे सुटेसुटे ठेवण्याऐवजी एका पातळ पाटीवर चिकटवतात ते त्यासाठीच. पाटीची कड म्हणजे खडकाळ जमिनीची कड, मग वाद उरत नाही.

पूर्वपीठिका. प्रशियाचे बॅरन फोन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक युद्धखेळ भेट दिला. तो कप्प्यांच्या टेबलासारखा होता, आणि त्याची भूमी प्लास्टरच्या उठावदार रंगवलेल्या चौकोनी फरश्यांची होती. फरश्या हव्या तशा जुळवून नवा प्रदेश मांडता येई. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये हाच खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला. सैन्याला ते सोयीचे ठरले. चढउतार फरशीवरून उतरून नकाशाच्या रेषांत गेले. ते परत टेबलावर आले ते हौशी लोकांमुळे. एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’मध्ये (१९१३) लाकडी ठोकळे, पुठ्ठ्याची घरे आणि बागेतल्या डहाळ्या यांनी खोलीच्या जमिनीवरच प्रदेश उभा राहतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या खेळाडूंचे दोन मार्ग होते. एक, हिरव्या कापडाखाली पुस्तके सारून टेकड्या करायच्या. दुसरा, वाळूचे टेबल. वाळूत हवी ती घळ बोटाने ओढता येते, पण सहा फूट गुणिले चार फुटांच्या टेबलावर दहा सेंटिमीटर वाळू घातली तर वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जाते. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ (१९६२) या पुस्तकाने खेळ घराघरांत नेला, आणि घरातल्या जेवणाच्या टेबलावर एवढा भार टाकणे कुणाला परवडणार नव्हते. सुटे नमुने रूढ होण्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा हे वजन जास्त आहे.

खडक खडकासारखा करण्याचे ज्ञान मात्र रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांकडून आले. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन ॲलन (१९१३–७३) यांनी ‘गोर अँड डॅफेटिड’ ही काल्पनिक रेल्वे उभारली, तिचे प्लास्टरचे कडे जमिनीपासून छताकडे जात. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत ती आगीत गेली. उरली ती छायाचित्रे, आणि त्यांवर एक पिढी शिकली. पुढे गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने ‘वॉरहॅमर’ (१९८३) आणि ‘वॉरहॅमर ४०,०००’ (१९८७) हे खेळ आणले, आणि टेरेन बनवायला शिकवणारे पुस्तकही काढले.

माप. भूशास्त्रज्ञ खडकाचे छायाचित्र घेताना शेजारी हातोडा किंवा नाणे ठेवतो, कारण खडकाला स्वतःचे माप नसते. मुठीतल्या दगडावरची भेग आणि कड्यावरची भेग चित्रात सारखीच दिसते. या धंद्यातली सगळ्यात मोठी सवलत ही आहे. घर किंवा माणूस लहान करायचा तर प्रत्येक भाग मोजून करावा लागतो. खडक नुसता तुटका असला तरी चालतो. माप चुगली करते ते भोवतीच्या गोष्टींतून : पायथ्याचा खडा प्रतिमेच्या डोक्याएवढा दिसला, किंवा गवताचे पाते गुडघ्याऐवजी खांद्यापर्यंत आले, की डोळा फसायचे नाकारतो. म्हणून अनुभवी माणूस खडकापेक्षा त्याच्या पायथ्याशी जास्त वेळ घालवतो. तिथे मोठ्या तुकड्यांलगत मध्यम, मग बारीक, मग चाळलेली वाळू असा उतरता क्रम लागतो, कारण खऱ्या कड्याखालची ढासळण तशीच पडते.

सर्वांत रूढ मापात प्रतिमेची उंची पायापासून डोळ्यापर्यंत २८ मिमी धरतात. प्रमाण ढोबळमानाने १:५६ ते १:६० पडते. या हिशेबाने १० सेंमी उंचीचा सुळका म्हणजे साडेपाच ते सहा मीटर, दुमजली घराएवढा. डोंगर दाखवायचा तर टेबल पुरणार नाही. खेळातला डोंगर हा नेहमीच डोंगराची खूण असतो, आणि ते मान्य करून चालणारेच नमुने चांगले दिसतात. ६ मिमीच्या प्रतिमांना तोच तुकडा खरोखरचा कडा वाटतो.

पायऱ्या की उतार. प्रतिमेच्या पायाखाली बहुधा २५ किंवा ३२ मिमी व्यासाची चकती असते. तिला टेकायला सपाट जागा लागते. उतार जरा वाढला की धातूची प्रतिमा घसरते आणि भाल्याचे टोक मोडते. म्हणून खेळाच्या टेकड्या थरांच्या करतात, एकावर एक पाट्या रचून. कपारीही चकतीपेक्षा थोड्या रुंद ठेवाव्यात, साधारण चार सेंटिमीटर, म्हणजे बोटांनाही वाव मिळतो. यावर टीका अशी की डोंगर कधी जिन्यासारखे नसतात.

टीकाकार सह्याद्रीत आलेले नसावेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेल्या दख्खनच्या पठारात कठीण थर उभे कडे होऊन राहतात, मऊ थर झिजून माच्या होतात, आणि डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातला ट्रॅप हा शब्दच जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. बसाल्टचा डोंगर करणाऱ्याला खेळाची सोय आणि भूशास्त्र एकाच पाटीवर मिळते. पायऱ्या खोट्या वाटतात त्या कड एकसारख्या सुरीने कापल्यामुळे, आणि प्रत्येक थर सारख्याच जाडीचा असल्यामुळे.

साहित्य व घडण. आज सर्वाधिक चालते ती एक्सपीएसची, म्हणजे दाबून काढलेल्या पॉलिस्टायरिन फोमची पाटी. इमारतींच्या उष्णतारोधनासाठी बनणारी ही पाटी निळ्या किंवा गुलाबी रंगात येते, तिचे पेशीजाल बारीक व बंद असते आणि ती कोरली तरी भुगा होत नाही. आपल्याकडचे थर्माकोल हे त्याच द्रव्याचे फुगवलेल्या मण्यांचे रूप. कापले की मणी सुटतात आणि खडकाऐवजी साबुदाणा दिसतो. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आली. जुन्या खोक्यातले थर्माकोल वापरायचेच असेल तर वरून कागदाचा लगदा किंवा पुट्टी चढवावी लागते.

एक्सपीएस गरम तारेने कापतात. तार लोण्यातून जावी तशी जाते आणि मागे गुळगुळीत, चकाकणारा पृष्ठ ठेवते, जो खडकाच्या अगदी उलट आहे. नवख्यांचे निम्मे कडे इथे बिघडतात. इलाज साधा : पाटीला सुरीने अर्धवट चीर द्यायची आणि बाकीची हाताने मोडायची. तुटलेली कड आपोआप खडबडीत येते. मग चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा पृष्ठभागावर दाबत फिरवतात, त्याच्या वेड्यावाकड्या कडांनी बारीक खळगे उठतात. शेवटी दोनचार उभ्या भेगा सुरीने खोल कराव्यात, पण एका दिशेला कललेल्या. खडकातल्या भेगा समूहाने एकाच दिशेने जातात, आणि चारी दिशांना ओरखडे काढले की तो मांजराने फाडलेला वाटतो. तार तापली की पॉलिस्टायरिनमधून स्टायरीनची वाफ निघते, म्हणून खिडकी उघडी हवी.

त्याहून कमी कष्टाचा, आणि या लेखकाच्या मते अजूनही अजिंक्य, मार्ग पाइनच्या सालीचा. ऑर्किडच्या कुंड्यांसाठी नर्सरीत मिळणारे हे तुकडे थरांत फुटतात आणि गाळाच्या खडकाचा हुबेहूब भास देतात. ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवले की ओल आणि किडे दोन्ही जातात. साल सरळ उभी चिकटवू नये. सगळ्या तुकड्यांचे थर एकाच कलात ठेवावेत, कारण जमिनीखाली तो एकच खडक आहे असे दिसले पाहिजे. फोडलेल्या बुचाच्या फरशीलाही हाच नियम.

प्लास्टर ऑफ पॅरिस लॅटेक्स किंवा सिलिकॉनच्या साच्यात ओततात. साचे खऱ्या दगडावरूनच घेतलेले असल्याने ठसा अस्सल येतो. साचा नसेल तर चुरगळून उलगडलेल्या फॉइलमध्ये ओतावे. दोन भाग पूड, एक भाग पाणी, आणि पूड पाण्यात घालायची, पाणी पुडीत नाही. घट्ट होताना ते चांगलेच तापते; जाड ओतकामात हात घालून बसणे धोक्याचे. प्लास्टरची खरी अडचण पुढची : ते जड असते, आणि टवका उडाला की आतून पांढरेशुभ्र दिसते. ओततानाच थोडा काळा किंवा तपकिरी रंग मिसळला तर निम्मे दुःख कमी होते.

खरे दगड का वापरू नयेत, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. लहान खडे वापरावेतच. पण मुठीएवढा दगड टेबलाला ओरखडे पाडतो, प्रतिमेचा रंग खरवडतो आणि खोक्यात बाकीच्यांचा चुरा करतो.

कोणता खडक. साल सगळीकडे चालत नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईतील ‘डेव्हिल्स डेन’ (२ जुलै १८६३) हे युद्धखेळात वारंवार मांडले जाणारे ठिकाण घ्या. तिथले धोंडे डायबेसचे, झिजून गोलाकार झालेले. थरांची साल तिथे ठेवली की जाणकार हसतो. फोमचे तुकडे कडा घासून गोल करावेत आणि एकमेकांना टेकवून, मध्ये माणूस सरकेल एवढ्या फटी ठेवून बसवावेत, कारण त्या फटींतूनच तिथली लढाई झाली. वरच्या कड्यावर जागा इतकी अपुरी होती की न्यूयॉर्कच्या चौथ्या तोफखान्याच्या सहापैकी चारच तोफा वर मांडता आल्या आणि दोन मागे राहिल्या. चांगला नमुना खेळाडूला याच अडचणीत आणतो : चार तोफांच्या चकत्या बसतात, पाचवी बसत नाही.

रंग. फवाऱ्याचा डबा थेट फोमवर मारू नये. त्यातले द्रावक पॉलिस्टायरिन विरघळवते आणि रात्रभराचा कडा डोळ्यांदेखत खचतो. आधी फेविकॉलसारखा पांढरा गोंद आणि काळा ॲक्रिलिक रंग मिसळून जाड हात द्यावा. त्याने पृष्ठभाग कडकही होतो. त्यावर कोरडा ब्रश : ब्रश रंगात बुडवून रंग कागदावर जवळजवळ पुसून टाकायचा आणि मग तो ब्रश उंचवट्यांवरून हलका फिरवायचा. गडद करडा, मग फिकट, मग अगदी थोडा मळका पांढरा. हे सगळे कशासाठी, तर खोलीच्या पसरट उजेडात लहान भेगांत खोल सावली पडत नाही. ती रंगाने पुरवावी लागते.

निव्वळ करडा खडक ही सार्वत्रिक चूक आहे. जवळच्या दगडी भिंतीकडे पाच मिनिटे पाहिले तरी तांबूस, पिवळट, शेवाळी डाग दिसतात. रेल्वेवाले पातळ गेरू आणि तपकिरी रंगाचे ठिपके बिबट्याच्या कातड्यासारखे टाकून वरून काळा पातळ ओघळ सोडतात. पांढऱ्या प्लास्टरवर ही रीत सर्वोत्तम बसते. टेबलाची माती आणि खडकाच्या पाटीची माती एकाच रंगाची हवी. गवताचे धागे शेवटी, आणि फक्त सपाटीवर व भेगांत, जिथे पाणी आणि माती साचेल तिथे.

दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर हळीव किंवा मोहरी पेरतात तेव्हा हिरवळ अशीच कडे सोडून माचीवर धरते. तो किल्ला टेरेनचा सख्खा चुलतभाऊ, फक्त त्यावरचे मावळे मांडायचे असतात, फाशांवर लढवायचे नसतात, आणि तो अंगणातून हलवायचा नसतो.

छापलेले खडक. त्रिमिती मुद्रणाने तयार आराखड्यावरून प्लास्टिकचा खडक घरी काढता येतो. यंत्राच्या आडव्या थररेषा चेहऱ्यावर खटकतात, खडकावर त्या थरांत मिसळून जातात. पण एकच धोंडा टेबलावर सहा वेळा दिसला की ओळखू येतो. प्रत तरी फिरवून ठेवावी.

पाया व साठवण. पाटी ३ मिमी एमडीएफची घेऊन कडा तिरप्या घासतात. गोंद सुकताना ओढतो व पाटी होडीसारखी वाकते, म्हणून मागच्या बाजूलाही रंगाचा हात द्यावा. तळाला पातळ फोम किंवा कापड लावले की टेबल वाचते. उंच सुळका खोक्याच्या उंचीपेक्षा बोटभर कमी असावा. जास्त झाला तर तो दोन भागांत करून मध्ये चुंबक बसवतात आणि सांधा आडव्या भेगेत लपवतात.