मिरवणुकीनंतर कानात शिट्टी का वाजते?

विसर्जन मिरवणुकीतून घरी आल्यावर अनेकांना एक अनुभव येतो. आजूबाजूला शांतता असते, पण कानात बारीक शिट्टी वाजत राहते. कानाला दडे बसल्यासारखं वाटतं. एक-दोन दिवसांत बहुतेकदा सगळं पूर्ववत होतं आणि विषय संपतो. कानाच्या आत मात्र तो संपलेला असतोच असं नाही.

आधी आवाज म्हणजे काय ते पाहू. ढोलावर टिपरू पडलं की पान थरथरतं. ते शेजारच्या हवेला ढकलतं, ती हवा पुढच्या हवेला. ढोलाजवळची हवा तुमच्यापर्यंत येत नाही, येतो तो फक्त धक्का. २० अंश सेल्सिअस तापमानाला तो सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणूनच लांबून पथक पाहताना टिपरू पडलेलं आधी दिसतं आणि ठोका नंतर ऐकू येतो.

हा धक्का कानाच्या पडद्याला हलवतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं असतात. त्यांचं काम महत्त्वाचं आहे, कारण पुढे आतल्या कानात हवा नाही, द्रव आहे. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर जवळजवळ सगळा परत फिरेल. मोठ्या पडद्यावरचा दाब छोट्याशा खिडकीवर एकवटून ही हाडं तो आत पोहोचवतात.

आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली कॉक्लिया असते. तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी रांगेने बसलेल्या असतात, एका कानात साधारण १५ हजार. द्रव हलला की तंतू वाकतात आणि विजेचा संदेश मेंदूकडे निघतो. पेशींची जागाही ठरलेली असते : तीव्र, चिरके सूर सुरुवातीला आणि खर्ज शंखाच्या टोकाला. आवाजाची लाट कॉक्लियात कशी पुढे सरकते, हे दाखवणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१चं नोबेल मिळालं.

फार मोठ्या आवाजात हेच तंतू दमतात, वाकतात, तुटतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा तयार होतात. माणसात होत नाहीत. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू स्वतःच ‘व्हॉल्यूम’ वाढवतो आणि त्यातून ती शिट्टी ऐकू येते, असं मानलं जातं. २००९मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की ऐकण्याची क्षमता चाचणीत पूर्ववत झाली, तरी पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच सांधे कायमचे गेले होते.

मोठा आवाज म्हणजे किती मोठा? डेसिबलचं गणित फसवं आहे. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास चालतात, ८८मध्ये ४, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. स्पीकरच्या भिंतीसमोर शंभरी सहज ओलांडली जाते. मिरवणूक १५ मिनिटांत संपत नाही, हे वेगळं सांगायला नको. तुलनेसाठी, भारतातल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

आवाजामुळे होणारं नुकसान बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. स, श यांसारख्या व्यंजनांचा बराचसा भाग उंच पट्टीतच असतो. त्यामुळे सुरुवातीला माणूस बहिरा वाटत नाही. त्याची तक्रार वेगळी असते : ‘ऐकू येतं, पण काय बोलताय ते कळत नाही.’

कानात कापूस घालून फारसा फरक पडत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग नीट आतपर्यंत बसवले तर बराच फरक पडतो. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती तो परत फेकतात, त्यामुळे तिथे इतका उतरत नाही. शिट्टी दोन दिवसांनीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी जा, कारण त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडण्याची शक्यता जास्त असते.