वेंगुर्ल्याच्या कवीचे विरहगीत आणि क्रमवारीबाहेरचे यश

१/ एखादे गाणे 'गाजले' असे आपण सहज म्हणतो; पण इतिहासात त्याचा पुरावा कोणता? अमेरिकेत उत्तर सोपे आहे. पॅट्सी क्लाइनचे १९६१ सालचे विरहगीत 'क्रेझी' 'बिलबोर्ड'च्या कंट्री यादीत दुसऱ्या, तर पॉप यादीत नवव्या स्थानी पोहोचले. ही नोंद आजही तपासता येते.

२/ आता मराठीकडे वळू. 'भातुकलीच्या खेळामधली' हे भावगीत घ्या. शब्द मंगेश पाडगावकरांचे, संगीत यशवंत देवांचे, स्वर अरुण दाते यांचा. याचा क्रमांक कितवा होता? उत्तर नाही, कारण क्रमवारीच नव्हती.

३/ पाडगावकरांचा जन्म १० मार्च १९२९ रोजी वेंगुर्ल्यात झाला. वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. याच भूमीतील, देवगड तालुक्यातले विंदा करंदीकर आणि वसंत बापट यांच्यासह पाडगावकरांनी काव्यवाचन गावोगावी नेले. कविता कानांनी ऐकणारा श्रोता अशा रीतीनेही घडत होता.

४/ दुसरा धागा आकाशवाणीचा. १९५२ साली नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकरांकडे आले. त्यांनी चित्रपटगीतांना आवर घातला आणि सुगम संगीताला उत्तेजन दिले. चित्रपटरसिक रेडिओ सिलोनकडे वळले, हे खरे. परंतु कवितेला चाल लावण्याचे काम सरकारी स्टुडिओत नियमित होऊ लागले. पाडगावकर आणि देव, दोघांनीही मुंबई आकाशवाणीत नोकरी केली.

५/ देवांच्या पुस्तकाचे नावच 'शब्दप्रधान गायकी'. चालीने शब्दाला झाकू नये, ही त्यांची भूमिका. इंदूरमध्ये वाढलेल्या, व्यवसायाने वस्त्रोद्योगातील अभियंता असलेल्या दात्यांचा मृदू, संयत स्वर त्या भूमिकेला साजेसा होता.

६/ गीतातील दुःखाची रचना पाहा. येथे कोणी दगा देत नाही, कोणी खलनायक नाही. मुलांच्या खेळातील राजाराणी आहेत. राणी दूर जाते, राजा कारण विचारतो आणि प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रौढांचा वियोग लहानपणीच्या शब्दांत सांगितल्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात स्वतःची गोष्ट ठेवण्यास जागा मिळते.

७/ मग यश मोजायचे कसे? 'बिनाका गीतमाला' गाण्यांना क्रमांक देत होती, पण ते हिंदी चित्रपटगीतांना. मराठी भावगीताचा कौल 'आपली आवड'सारख्या कार्यक्रमांकडे येणाऱ्या श्रोत्यांच्या पत्रांतून, तबकड्यांतून आणि रंगमंचावरील फर्माइशीतून मिळे. दात्यांच्या 'शुक्रतारा' कार्यक्रमाचे प्रयोग अनेक दशके होत राहिले.

८/ यात इतिहासकाराची एक अडचण दडलेली आहे. ज्याची यादी झाली ते पुढे संदर्भग्रंथांत टिकते. ज्याची झाली नाही ते 'लोकप्रिय होते' एवढ्या मोघम वाक्यात उरते. म्हणजे लोकप्रियतेचा इतिहासही अखेर नोंद ठेवणाऱ्याच्या बाजूने झुकतो.

९/ पाडगावकर ३० डिसेंबर २०१५ रोजी गेले. दाते आणि देव, दोघेही २०१८ मध्ये. आता साक्ष उरली ती घराघरांत. आजीच्या हस्ताक्षरातील गाण्यांची वही, कार्यक्रमाचे जुने तिकीट, तबकडीचे वेष्टन हाती लागले, तर रद्दीत देऊ नका. त्यावर वर्ष आणि गाव लिहून ठेवा. मराठी भावगीताची क्रमवारी कधी काळी मांडायची झालीच, तर ती याच कागदांवरून मांडावी लागेल.