मेलानोमा : लसीकाग्रंथींतील प्रसाराचा अंदाज

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाला मेलानोमा म्हणतात. मूळ जागेवरून तो बहुधा आधी जवळच्या लसीकाग्रंथींत शिरतो. गाठ हाताला लागण्यापूर्वीच ही शक्यता अजमावण्यावर पुढचे उपचार ठरतात.

गोऱ्या वर्णाच्या लोकांत या रोगाचा उन्हाशी निकटचा संबंध आहे. भारतात तो विरळ आहे; येथे तो तळपाय, टाच आणि नखाखाली बराच आढळतो व त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. घनसावंगीसारख्या ऊस-कापसाच्या तालुक्यात टाचेवरचा काळा डाग कुरूप किंवा मोडलेला काटा म्हणून, तर नखाखालचा काळा पट्टा ठेच लागल्याची खूण म्हणून सहज सोडून दिला जाऊ शकतो. पायाच्या जखमेने जांघेत अवधाण येते, हे घरोघरी ठाऊक असते; त्यामुळे तिथली गाठही कुणाला खटकत नाही. जखमेचे अवधाण दुखते आणि जखम भरली की ओसरते. मेलानोमाची गाठ बहुधा दुखत नाही, टणक लागते आणि वाढत जाते.

अंदाजाचा मुख्य आधार म्हणजे अर्बुदाची जाडी. ती मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडली. जाडी ०.८ मिमीपेक्षा कमी आणि वर व्रण नसेल, तर ग्रंथीत रोग असण्याची शक्यता साधारण ५ टक्क्यांच्या आत असते. ४ मिमीच्या पुढे ती तिघांत एक किंवा त्याहून अधिक होते. व्रण, पेशीविभाजनाचा वेग आणि लसीकावाहिनीत शिरलेल्या पेशी हा धोका वाढवतात. वयाचा परिणाम मात्र अनपेक्षित आहे : तरुणांच्या ग्रंथींत रोग अधिक वेळा सापडतो, पण एकूण परिणाम वृद्धांत वाईट असतो.

हे घटक एकत्र करून टक्केवारी सांगणारी गणनयंत्रे न्यूयॉर्क व ऑस्ट्रेलियातील संस्थांनी केली आहेत. शक्यता १० टक्क्यांहून जास्त असल्यास ग्रंथीची तपासणी सुचवतात. ५ ते १० टक्क्यांमध्ये रुग्णाशी बोलून ठरवतात. ही यंत्रे मुख्यतः गोऱ्या रुग्णांच्या नोंदींवर बेतलेली असल्याने तळपायाच्या मेलानोमाला त्यांचा आकडा जपूनच लावावा.

खात्री होते ती सेंटिनेल नोड, म्हणजे पहारेकरी ग्रंथी, तपासून. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये हे तंत्र प्रसिद्ध केले. डागाभोवती निळा रंग व किरणोत्सारी द्रव्य टोचतात. डाग पायावर असल्यास जांघेवर किरणोत्सार टिपणारे उपकरण फिरवले की ते जिथे वाजते तिथे छोटा छेद घेऊन निळी झालेली ग्रंथी काढतात. तिच्यात रोग आढळला तरी उरलेल्या सर्व ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढत नाही, सोनोग्राफीने नियमित लक्ष ठेवता येते, हे २०१७ च्या मोठ्या चाचणीत दिसले. पाय कायमचा सुजण्याचे संकट त्यामुळे अनेकांचे टळते.

तपासणीसाठी घेतलेला डागाचा पहिलाच नमुना बिघडला, तर यातले काहीच नीट जमत नाही. काळा डाग जाळू नये, खरवडू नये. तो पूर्ण जाडीनिशी काढून पॅथॉलॉजीच्या अहवालात जाडी व व्रणाची नोंद मागून घ्यावी. घनसावंगीकरांसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळचे आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. महिनाभरात न जाणारा किंवा पसरत जाणारा तळपायाचा काळा डाग डॉक्टरांना दाखवावाच.