गॅसतापकांची देखभाल आणि न्यू लंडनचा स्फोट

यंत्रांच्या इतिहासात शोधकांची नावे आस्थेने नोंदविली जातात. यंत्रांची निगा राखण्याच्या पद्धती कशा घडत गेल्या, याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. गॅसवर चालणाऱ्या तापकांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते, कारण त्यांच्या देखभालीचे नियम मोठी किंमत मोजल्यानंतर सिद्ध झाले आहेत.

तापकाच्या बर्नरचे तत्त्व जुने आहे. बुन्सेन याच्या प्रयोगशाळेत १८५५ च्या सुमारास गॅस जळण्यापूर्वीच त्यात हवा मिसळण्याची युक्ती सिद्ध झाली आणि काजळीविरहित निळी ज्योत मिळू लागली. नैसर्गिक गॅसमधील मुख्य घटक मिथेन होय. त्याच्या एका घनफुटाच्या पूर्ण ज्वलनास सुमारे साडेनऊ घनफूट हवा लागते. हवा अपुरी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. ज्योतीचा रंग पाहून दोष ओळखण्याची कारागिरांची रीत या रसायनावर उभी आहे.

न जळता गळणारा गॅस ओळखण्याचा प्रश्न याहून बिकट होता. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर ज्या गॅसचे दिवे लागले, तो दगडी कोळशापासून काढलेला होता. अशा गॅसला गंधकयुक्त अशुद्ध द्रव्यांमुळे उग्र दर्प येई आणि गळती आपोआप उघड होई. नैसर्गिक गॅसला सहसा असा वास नसतो. इंधन अधिक शुद्ध झाले, पण त्याबरोबर एक नैसर्गिक सूचना लोपली.

या लोपाचा परिणाम अमेरिकेतील टेक्सस राज्यात न्यू लंडन या गावी दिसून आला. १९३० साली सापडलेल्या तेलक्षेत्रामुळे तेथील शाळा सधन झाली होती. मध्यवर्ती बाष्पयंत्रणेची मूळ योजना सोडून इमारतीत ७२ गॅसतापक बसविण्यात आले. पुढे १९३७ च्या आरंभी खर्च वाचविण्यासाठी नियमित पुरवठ्याचा करार रद्द करण्यात आला व तेलक्षेत्रातील अवशिष्ट गॅसच्या नळास जोडणी करण्यात आली. हा गॅस एरवी निरुपयोगी म्हणून जाळून टाकला जात असे. त्याची गुणवत्ता दिवसागणिक बदले आणि त्याला वासही नव्हता. इमारतीखालच्या बंदिस्त पोकळीत तो साचत गेला. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी तीननंतर कार्यशाळेतील विजेच्या घासयंत्राची ठिणगी पडून स्फोट झाला, असे मानले जाते. सुमारे २९५ विद्यार्थी व शिक्षक प्राणास मुकले.

चौकशीत कोणा एका व्यक्तीस दोषी ठरविण्यात आले नाही. तथापि काही आठवड्यांतच टेक्ससच्या विधिमंडळाने गॅसला वास देणे सक्तीचे केले, तसेच अभियंत्यांच्या व्यवसायावर नोंदणीचे बंधन घातले. पुढे ही प्रथा सर्वत्र पसरली. महाराष्ट्रातील घरगुती सिलिंडरच्या गॅसला येणारा परिचित दर्प हाही असाच मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन वर्गातील द्रव्याचा असतो. अमेरिकेच्या आजच्या नियमांनुसार स्फोटाच्या किमान मर्यादेच्या एक-पंचमांश इतका गॅस हवेत असतानाच सामान्य माणसास वास येणे आवश्यक आहे.

वास माणसाला सावध करतो. माणूस जवळ नसेल तेव्हा यंत्रानेच सावध राहावे लागते. १८२१ साली झेबेक याने दाखविलेल्या उष्माविद्युत् परिणामावर थर्मोकपल आधारलेले आहे. पायलट ज्योतीने त्याचे टोक तापले की सूक्ष्म विद्युत्प्रवाह झडप उघडी धरतो. ज्योत विझली की झडप मिटते. म्हणून ज्योत टिकत नसेल, तर ज्योतीचे छिद्र कचऱ्याने बुजले आहे काय, थर्मोकपलचे टोक ज्योतीत आहे काय आणि त्याची जोडणी सैल आहे काय, हे क्रमाने तपासले जाते. कारखान्यांत छताला टांगलेल्या पंखायुक्त तापकात तापमर्यादेचा स्विचही असतो. तो वारंवार यंत्र बंद करू लागला, तर पंख्यावरील धूळ, अडलेला हवामार्ग किंवा बर्नरला होणारा जादा पुरवठा यांचा शोध घ्यावयाचा असतो. स्विचला बगल देणारी तार जोडून यंत्र चालू ठेवणे म्हणजे दोष कायम ठेवून त्याची सूचना तेवढी बंद करणे होय. उष्णता-विनिमयकाला तडा गेला वा धुराडे तुंबले, तर ज्वलनातील विषारी वायू खोलीत येऊ शकतात. कार्बन मोनॉक्साइडला मुळीच वास नसल्याने तेथे नाकाचा उपयोग नाही. मोजमापच करावे लागते.

या इतिहासावरून एक निष्कर्ष स्पष्ट होतो. देखभालीच्या प्रत्येक नियमाचा उद्देश इंद्रियांना न जाणवणारा धोका वेळीच जाणवून देणे हा आहे. न्यू लंडन येथे तापकांना गॅस मिळत होता आणि वर्ग उबदार होते. यंत्र चालू आहे एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही, हा धडा तेथे मिळाला. देखभालीकडे केवळ खर्चाची बाब म्हणून पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.