जमाखर्चात न आलेली नावे

संस्थेचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना तिचा इतिहास लिहिला जावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. इतिहासलेखनास साधने लागतात, आणि संस्थेच्या बाबतीत ती म्हणजे ठरावांचे पुस्तक, रोजमेळ, खतावणी, पावतीपुस्तके व भिंतीवरील दात्यांच्या संगमरवरी पाट्या. व्यवसायाने कापड व्यापारी व शिक्षणाने बी.कॉम. असल्यामुळे वह्यांवर माझा विश्वास अंमळ अधिकच आहे. परंतु धार्मिक संस्थांच्या जुन्या वह्या चाळताना एक उणीव सतत जाणवते. चातुर्मासातील भोजनखर्चाच्या सदरात डाळ, तांदूळ, तूप व लाकूडफाटा यांची रक्कम पैशापर्यंत नोंदलेली असते. पहाटे उठून पाणी गाळणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या व चौका सांभाळणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख मात्र कोठेही नसतो. ज्या श्रमाचे दाम मोजले गेले नाहीत, तो श्रम जमाखर्चात येत नाही. पाटीवर स्त्री आलीच, तर 'सौ.' या अक्षरामागून बहुधा पतीचे नाव येते.

अशा स्त्रियांचा इतिहास त्यांच्या तोंडूनच मिळवावा लागतो. महाराष्ट्रात हे कार्य फार मोलाच्या रीतीने झालेले आहे. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून या दोन लेखिकांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून तो सिद्ध झाला. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला. त्यात नागपूरच्या जाईबाई चौधरी भेटतात, ज्यांनी हमाली करून दिवस काढले व पुढे मुलींसाठी शाळा चालविली. चळवळीचा इतिहास तोवर सभा, ठराव व नेते यांच्या आधारे लिहिला जात होता. सभेला आलेल्या बायका केवळ संख्येने मोजल्या जात. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या महिला परिषदेस सुमारे २५ हजार स्त्रिया जमल्या होत्या, हा आकडा सर्वांना ठाऊक असतो. त्या २५ हजारांतील एखादी घरातून कशी निघाली, लेकरू कोणाकडे ठेवले, हे तिच्यावाचून कोण सांगणार?

महाडचा प्रसंग मला धंद्यामुळे विशेष जवळचा वाटतो. डिसेंबर १९२७ मधील सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना आवाहन केले, की जातीची खूण ठरणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाकून द्या. लक्ष्मीबाई टिपणीस व चित्रे यांच्या घरातील इंदिराबाई यांनी नव्या पद्धतीने नेसण्यास साहाय्य केले आणि दुसऱ्याच दिवशी स्त्रिया पायघोळ नेसून आल्या. चाळीस वर्षे गादीवर बसून मी पाहिले आहे, की बाई एक वेळ भावावर तडजोड करील, पण काठ, पदर व नेसण यांत आईची रीत सोडणार नाही. त्या स्त्रियांनी ती एका रात्रीत सोडली. शेकडो पानांच्या वृत्तांतापेक्षा ही एक गोष्ट अधिक सांगून जाते, असे माझे मत आहे.

दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. मूळचे फ्रान्सचे व पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळवून नोंदविल्या. १९९६ मध्ये आपल्या मराठवाड्यातील माजलगाव येथेही ध्वनिमुद्रण झाले. हा संग्रह २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि त्यांबरोबर ओव्याही गेल्या असत्या.

हैदराबाद मुक्तिसंग्रामातील दगडाबाई शेळके यांचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. त्या बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या. (तो भाग तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होता, जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला.) त्या शस्त्र घेऊन उभ्या राहिल्या, म्हणून लक्षात राहिल्या. लपलेल्या कार्यकर्त्यांसाठी रात्री भाकरी थापून देणाऱ्या कितीतरी स्त्रियांची नावे कोणी टिपली नाहीत.

आपल्या समाजात मगनबाई किंवा सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांची चरित्रे उपलब्ध आहेत. दानवीर माणिकचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई यांनी अकाली वैधव्यानंतर विद्या संपादन करून मुंबईत श्राविकाश्रम चालविला. संस्था होती, अहवाल छापले गेले, म्हणून नावे उरली. ज्या श्राविकांनी पाठशाळेत मुलांना णमोकार मंत्र शिकविला, विधवा शेजारणीला शिवणयंत्रावर बसविले, त्यांचे अहवाल नाहीत.

गेल्या काही वर्षांत नात्यातील वृद्ध स्त्रियांचे बोलणे मी मोबाइलवर मुद्रित करीत आहे. 'आपण समाजासाठी काय केले?' असे विचारले, की एकच उत्तर येते: 'आम्ही काय केलं, घर केलं.' त्याऐवजी 'पर्युषणात चूल किती वाजता पेटायची?' असे विचारावे. मग कोणाची भांडी, कोणाचे पाणी, कोणाशी अबोला, असे सगळे ओघाने येते. साल विचारू नये. निजामी राजवटीचा शेवट, म्हणजे १९४८ ची पोलीस ॲक्शन, बहात्तरचा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, यांच्या आधीचे की नंतरचे, एवढे विचारावे. साल आपोआप निघते. पुरुष खोलीत असला की उत्तर मुलगा देतो, आई मान हलविते. म्हणून हे काम सुना व नातींनी करावे, हे बरे.

पोलीस ॲक्शनच्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीकडे झुकली आहे. विश्वस्त मंडळास विनंती आहे, की कार्यालयात या ध्वनिमुद्रणांसाठी एक कपाट व एक संगणक राखून ठेवावा आणि प्रत्येक मुद्रणाची एक प्रत त्या घरी द्यावी. बोलणारीचे माहेरचे नाव, माहेरचे गाव व सासरचे नाव पहिल्या ओळीत लिहावे. मारवाडी, गुजराती, मराठी, जी बोली तोंडी असेल ती तशीच उतरवावी. शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे. आजी 'औरंगाबाद' म्हणाल्या, तर कागदावरही त्यांचेच शब्द ठेवावेत.