‘खाणकामाचे वरदान’: जर्मन टालरवरील एक मजकूर

१८व्या शतकात हार्त्स पर्वतातील खाणींच्या चांदीतून पाडलेल्या एका टालरवर हंस दिसतो, दुसऱ्यावर इंद्रधनुष्य. ‘पांढरा हंस’ आणि ‘इंद्रधनुष्य’ ही खाणींची नावे. लाउटेन्टालच्या टालरवर तर ल्यूट हे तंतुवाद्य छेडणारी स्त्री आहे. जर्मन भाषेत ‘लाउटे’ म्हणजे तेच वाद्य. अशा नाण्यांना ‘आउसबॉइटे-टालर’, म्हणजे खाणीच्या नफ्याचे टालर, म्हणत.

हा नफा कोणाचा? सॅक्सनीत एका खाणीचे साधारणतः १२८ हिस्से असत. प्रत्येक हिश्श्याला ‘कुक्स’ हे नाव. खाण फायद्यात असली तर हिस्सेदाराला वाटणी मिळे. ती तोट्यात गेली, की खाण चालू ठेवण्यासाठी त्यालाच पदरचे पैसे घालावे लागत. या भरण्याला ‘त्सूबूसे’ म्हणत आणि अनेक खाणी वर्षानुवर्षे त्यावरच तग धरून असत. अशा हिस्सेदाराच्या हातात खाणीचे नाव मिरवणारे चकचकीत नाणे पडले, तर पुढचा हप्ता भरताना त्याचा हात थोडा सैल होई. त्सूबूसेचे नाणे मात्र कोणी पाडले नाही.

नाण्यांवर डोंगर, खाणीच्या तोंडावरची घरे आणि बोटाच्या नखाहून लहान खाणकामगार दिसतात. खोल विवरातून हे कामगार पाळी संपल्यावर शिड्यांनी वर चढत. माणसांना वर-खाली नेणारे पहिले यंत्र हार्त्समध्ये बसले ते १८३३ साली. खनिज फोडण्या-निवडण्याच्या कामाला लहान मुले असत. त्यांना नाण्यावर जागा मिळाली नाही.

१९व्या शतकातील सॅक्सन टालरवर सरळ मजकूरच येतो: ‘खाणकामाचे वरदान’. १८७१ च्या टालरवरही तो आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नव्या जर्मन साम्राज्याने सोन्याच्या चलनाचा कायदा केला आणि पुढे जुने टालर वितळवून त्यांची चांदी बाजारात विकायला काढली. अमेरिकेतील नव्या खाणींची भर पडून चांदीचा भाव कोसळत गेला. त्याची झळ चांदीच्या रुपयालाही बसली. लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी १८९३ मध्ये थांबवले.

सॅक्सनीतील फ्रायबेर्गला ११६८ मध्ये चांदी सापडली होती. तेथील सरकारी खाणी १९१३ मध्ये बंद झाल्या.