अश्वशक्ती गेली कुठे?

अमेरिकेतल्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाचा आकडा १९७० साली ३७० अश्वशक्ती होता, १९७२ साली २५५. प्रदूषणाच्या नियमांनी इंजिने दुबळी केली, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. १९७१ साली कम्प्रेशन ११ वरून ९ वर आणल्याने आकडा ३३० झाला. ही घट खरी. पण त्याच वर्षी त्याच इंजिनाचा दुसरा आकडाही छापला गेला : २७५. पहिला ‘ग्रॉस’, म्हणजे एअर फिल्टर, सायलेन्सर न जोडता मोजलेला; दुसरा ‘नेट’, सारे जोडून. त्या ५५ घोड्यांना नियमांनी मारले नाही; गाडीत ते कधी जुंपलेलेच नव्हते. आकड्याआधी माप विचारावे.